२४ लिटरचा कॉम्प्रेसर, दहा महिन्यांनंतर: हवा किती आणि पाणी किती

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून हा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, घरी आणला. आता श्रावण संपत आलाय. म्हणजे हिवाळा, उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा त्याच्याबरोबर काढून झाला. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

टाकी २४ लिटरची, मोटर १ एचपीची, ऑइल-फ्री, कमाल दाब ८ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). पाईप, ब्लो गन (हवेची फुंकर मारायची) आणि दोन कपलर (पाईप जोडायचे) धरून साडेअकरा हजार पडले. वजन वीस किलोच्या आसपास. मी एकटी उचलू शकते, पण जिना चढवायचा असेल तर नवऱ्याला हाक मारते. आमचा फ्लॅट कर्वेनगरला तळमजल्यावर आहे आणि मागच्या बाजूला सात बाय दहाची मोकळी जागा आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथेच लाकूडकाम करते.

घेण्याचं कारण होतं बाबांचं सागवानी कपाट. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून स्वतः लाकूड निवडून आणून त्यांनी ते सुताराकडून करून घेतलं होतं. नंतर कधीतरी त्यावर ऑइल पेंट चढला, आणि मग आणखी दोनदा. तो सगळा रंग काढून आतलं लाकूड दिसेल असं पारदर्शक लॅकर मारायचं मनात होतं, आणि ब्रशने ते हवं तसं सपाट येत नाही.

दुकानात सगळे दोनच गोष्टी बोलतात, लिटर किती आणि एचपी किती. खरी बघायची गोष्ट तिसरी आहे: दर मिनिटाला हवा किती मिळते. माझ्या डब्यावर ४ सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४ घनफूट हवा, छापलंय. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर, म्हणजे हिशोबाने ११२ लिटर व्हायला हवेत. पण तो आकडा पिस्टन किती जागा व्यापतो त्याचा आहे, ज्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. प्रत्यक्षात बाहेर येणाऱ्या हवेला एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी) म्हणतात आणि तो आकडा बराच कमी असतो. घरी मोजणं अगदी सोपं आहे. बाहेरचा कॉक बंद ठेवून मोटर चालू केली आणि काटा ४ बारवरून ७ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर लावलं. ६५ सेकंद लागली. २४ लिटरच्या टाकीत ३ बार वाढले म्हणजे बाहेरची ७२ लिटर हवा आत गेली. म्हणजे मिनिटाला साधारण ६६ लिटर, जेमतेम २.३ सीएफएम. यात फसवणूक नाही, छापायची रीतच तशी आहे. पण घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं.

उदाहरणार्थ, स्प्रे गन. मी आधी १.४ मिमी नोझलची, वरती कप असलेली गन आणली होती. तिला ८ सीएफएम लागतात, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे लिटर. कॉम्प्रेसर देणार ६६. टाकीतला साठा मदतीला येतो, पण तो अर्ध्या मिनिटात संपतो. कपाटाचं एक दार निम्मं होईपर्यंत दाब उतरायचा, फवारा जाड व्हायचा आणि लॅकरचे थेंब पडायचे. मी हात सुधारायचा प्रयत्न करत बसले. दोन रविवार वाया गेल्यावर हिशोब मांडला आणि चूक हाताची नाही हे कळलं. मग ०.८ मिमीची छोटी टच-अप गन घेतली. तिच्यावर सलग तीनेक मिनिटं काम होतं, मग दोन मिनिटं थांबायचं. एका वेळी एकच फळी घ्यायची. वेळ लागतो, पण थर एकसारखा येतो. ज्यांना अख्खी खोली किंवा गाडीचं बॉनेट रंगवायचंय त्यांनी या आकाराच्या वाटेला जाऊ नये. टाकी मोठी घेतली तरी पंप तेवढाच असेल तर फक्त थांबायची वेळ पुढे जाते.

खिळ्यांच्या गनला मात्र हा कॉम्प्रेसर अगदी शोभून दिसतो. १८ गेजचा ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळ्यांची गन, प्रत्येक खिळ्याला थोडीशीच हवा खातो. पूर्ण भरलेल्या टाकीवर चाळीसेक खिळे मारून होतात, तेव्हा कुठे मोटर चालू होते. कपाटाची मागची प्लाय, देव्हाऱ्याची पट्टी, मुलाच्या शाळेच्या प्रदर्शनाची चौकट, सगळं याच्यावर झालं. हातोडीने बारीक पट्टी फुटते, इथे फुटत नाही. एका हाताने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्या हाताने गन टेकवायची, टक्! खिळ्याचं डोकं लाकडात मिलिमीटरभर खाली जातं. वर पुट्टी आणि भुसा मिसळून भरलं की शोधूनही सापडत नाही.

सगळ्यात जास्त वापर मात्र ब्लो गनचा होतो, आणि हे मला घेताना अजिबात वाटलं नव्हतं. पॉलिशपेपर मारल्यावर सागाच्या रेषांमध्ये जो बारीक भुसा बसतो तो फडक्याने निघत नाही. हवेने निघतो. आईच्या शिलाई मशीनच्या बॉबिनखाली कित्येक वर्षांचा दोऱ्याचा कापूस साचला होता. बाहेर येणारा दाब ठरवणारा रेग्युलेटर २ बारवर आणला, दोन फुंकर मारल्या, मग तेल सोडलं. आई म्हणाली, "अगं, हे तर नवीन घेतलं तेव्हा असं चालायचं." कूलरची जाळी, टेबलफॅन, मिक्सरचं बूड, कॉम्प्युटरचा डबा, सगळ्याला हवा दिली. कॉम्प्युटर साफ करताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरायचं, नाहीतर हवेच्या जोराने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. त्याआधी गन एकदा रिकामी जमिनीकडे मारून बघायची, पाणी उडत नाही ना.

हे पाणी पावसाळ्यात माझा सगळ्यात मोठा विषय झालं. हवेत वाफ असते. ती हवा आठ-नऊ पट दाबून छोट्या जागेत कोंबली की एवढी वाफ तिथे मावत नाही. ओला पंचा पिळल्यावर निथळतं तसं पाणी टाकीच्या तळाला जमतं. जानेवारीत टाकीच्या तळाचा कॉक उघडला की चार थेंब यायचे. जुलैमध्ये दोन तासांच्या कामानंतर खाली वाटी धरली तर अर्धी भरली, आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. तो रंग गंजाचा. टाकी आतून गंजून पातळ होत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून काम संपलं की तळाचा कॉक उघडायचाच. टाकीत एखाद बार दाब शिल्लक असताना उघडला की पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. मग कॉक रात्रभर उघडाच ठेवते. माझ्या मॉडेलचा कॉक टाकीच्या बरोबर खाली, हात जेमतेम जाईल अशा जागी आहे. रोज वापरायची गोष्ट इतकी अडचणीत ठेवायला नको होती. मी तिथे एक एल्बो आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला, आता उभ्या उभ्या उघडता येतो. रेग्युलेटरच्या पुढे पाणी अडवणारा फिल्टरही लावला.

एवढं करूनही जुलैत कपाटाची दोन दारं बिघडली. लॅकर मारलं, दहा मिनिटांत वर पांढुरका, दुधाळ थर आला. मला वाटलं पाईपमधून पाणी आलं. फिल्टर उघडून बघितला तर कोरडा. मग एका जुन्या पॉलिशवाल्या काकांना फोटो पाठवला. त्यांनी फोनवरच सांगितलं, "ताई, हा पाण्याचा दोष नाही, हवेचा आहे. पाईपातून पाणी आलं असतं तर ठिपके पडले असते, खड्डे पडले असते. हा सगळीकडे सारखा पांढरा झालाय ना? थिनर उडताना लाकूड गार पडतं आणि बाहेरची दमट हवा त्यावर बसते." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सावकाश उडणारं रिटार्डर थिनर मिसळून एका दारावर हलका हात फिरवला, थोडा फरक पडला. दुसऱ्याला हात लावला नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं काम पुण्याच्या पावसाळ्यात काढू नये, एवढं मी आता कुणालाही खात्रीने सांगेन.

आवाजाबद्दल बरेच जण विचारतात. दुकानात एकाच किमतीत दोन प्रकार होते, २८०० आरपीएमचा आणि १४०० चा. दोन्ही चालू करून ऐकले. पहिल्याशेजारी उभं राहून बोलता येत नव्हतं. १४०० चा घेतला आणि तो निर्णय बरोबर ठरला. तरी कंप जमिनीतून जातो. नोव्हेंबरात वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. "अगं, आवाजाचं काही नाही, पण आमची फरशी हलल्यासारखी वाटते आणि नातू दचकून उठतो." त्यांच्या घरी बाळंतीण होती. मी दुसऱ्याच दिवशी जाड रबराची मॅट आणून खाली घातली आणि दुपारी एक ते चार मोटर लावायची नाही असं ठरवलं. आधीच टाकी भरून ठेवली तर त्या वेळात थोडेफार खिळे मारता येतात.

वायरचा एक धडा. मागच्या जागेत सॉकेट नाही, म्हणून सुरुवातीला घरातला साधा, बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड दहा मीटर ओढला. मोटर नुसती घुं करून थांबायची आणि ओव्हरलोडचं लाल बटण बाहेर यायचं. चालू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. आता कॉम्प्रेसर स्वयंपाकघरातल्या १६ अँपियरच्या सॉकेटशेजारी दारात ठेवते आणि हवेचा पाईप १५ मीटरचा घेतलाय. वायर आखूड, पाईप लांब.

फेब्रुवारीत एक बिघाड झाला. टाकी भरून मोटर बंद पडली की नेहमी एक छोटा फुस्स येतो. पंपाच्या डोक्यातली हवा सुटते, ते बरोबरच आहे. पण तो थांबेना. टाकी भरली की मोटर बंद करणाऱ्या प्रेशर स्विचखालून हवा जातच राहिली आणि वीस मिनिटांत टाकी रिकामी. दुकानदार म्हणाला कंपनीला फोन करा, कंपनी म्हणाली दुकानात न्या. तीन आठवडे असे गेले. वॉरंटीचं कार्ड हातात असताना असं ताटकळायला लागणं मला फार लागलं. शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या भाऊंना विचारलं. त्यांच्याकडे पट्ट्यावर चालणारा जुना दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर आहे. त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हात कचरा अडकलाय. टाकीची हवा उलटी येतेय. आधी सगळी हवा सोडा, प्लग काढा, मगच पान्हा लावा." टाकीत शिरणाऱ्या नळीच्या टोकाला पितळी नट होता. आत रबराची छोटी चकती, तिच्या कडेला टेफ्लॉन टेपचा धागा चिकटलेला! पुसून बसवला, गळती बंद. भाऊंनी पैसे घेतले नाहीत.

जोडण्यांचं एक सांगते. आपल्याकडे या कॉम्प्रेसरना पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात. मी ऑनलाइन मागवलेल्या एका गनला अमेरिकन एनपीटी आटे निघाले. दोन फेरे बसतात, मग अडकतात, आणि कितीही टेप गुंडाळली तरी हवा जाते. इंचाला १९ आटे आणि १८ आटे, असा बारीक फरक. साबणाचं पाणी ब्रशने लावलं की बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं. सुदैवाने बोहरी आळीत कुठलाही निपल, कपलर सुटा मिळतो.

गाडीच्या हवेसाठी वापरते, पण फक्त त्यासाठी घेऊ नका. त्याला गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा हातात मावणारा पंप पुरतो. सोसायटीतली मुलं मात्र रविवारी सकाळी सायकली घेऊन रांगेत उभी राहतात. एकदा आमच्याच मुलाने गंमत म्हणून ब्लो गन मित्राच्या कानाजवळ नेली. मी ओरडलेच. कानाचा पडदा जाऊ शकतो, डोळ्यात कण घुसू शकतो. तेव्हापासून गन कपाटात कुलपात असते, सेफ्टी चष्म्याशिवाय मीही वापरत नाही आणि अंगावरचा भुसा हवेने झटकत नाही. महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढून तो मोकळा आहे ना तेही बघते. प्रेशर स्विच अडकला तर टाकी वाचवायला तोच एक असतो.

माझ्यासारखं सुट्टीचं लाकूडकाम, साफसफाई आणि खिळ्यांची गन एवढं असेल तर हाच आकार पुन्हा घेईन, फक्त तळाचा कॉक नीट जागी असलेला बघून. कपाटाचे चार खण आणि वरची फळी झाली आहे. सागाचा रंग बाबा असताना होता तसा पुन्हा दिसतोय. दोन दारं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. त्यावरचा पांढरा थर पॉलिशपेपरने उतरवणं चालू आहे, आणि लॅकर ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर.