गल्लीतलं काम: नगरसेवकाचा निधी की आपला अर्ज?

पुण्यात गल्लीपुरतं एखादं काम महापालिकेकडून करून घ्यायचं असेल, तर दोन वाटा आहेत. एक नगरसेवकाची: अंदाजपत्रकातली ‘स’ यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी, आणि त्यांचा प्रभागाचा निधी. दुसरी नागरिकांच्या सहभागाची: क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपणच काम सुचवायचं. पुण्यात ही सोय 2006 पासून आहे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. पहिलीने गेलो तेव्हा दुसऱ्या शहरात राहत होतो, पण नगरसेवकाच्या निधीची रीत सगळीकडे साधारण सारखीच असते.

नगरसेवकाची वाट वेगाची, यात वाद नाही. सकाळी त्यांच्या कार्यालयात गेलात, चार शेजारी सोबत नेले, की माणूस समोर भेटतो आणि खात्याच्या अभियंत्याला तिथूनच फोन लागतो. तरतूद नसेल तर दुसऱ्या कामाचे पैसे वळवायचे, म्हणजे ‘वर्गीकरण’ करायचं. त्याचा प्रस्ताव कसा आणि कधी आणायचा, हे अनुभवी नगरसेवकाला नेमकं ठाऊक असतं. अर्थात वर्गीकरणाने काम येतं तसं जातंही. तुमच्या ड्रेनेजचे पैसे उद्या दुसऱ्या रस्त्यावर गेले, तर ते तुम्हाला बऱ्याचदा मार्च उलटल्यावर कळतं.

तरीही मी या वाटेवरून उतरलो तो निधीमुळे नव्हे, लोकार्पणामुळे.

आम्ही ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र मागितलं होतं. एक खोली, पुढे पत्र्याची शेड, बाकं, पिण्याच्या पाण्याचा नळ. भूमिपूजन थाटात झालं, नारळ फुटला, आणि काम खरोखर वेळेत पूर्ण झालं. रंगाचा वासही गेला. पण फाटकाला कुलूप, कारण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. तारीख मिळाली तर कोनशिलेवर कुणाचं नाव वर घ्यायचं, यावर दोन गटांचं अडलं. ते मिटेपर्यंत आचारसंहिता लागली आणि कोनशिलेवर कागद चिकटवला गेला. उन्हाळा असा गेला. माझे वडील रोज संध्याकाळी काठी टेकत फाटकापर्यंत जायचे, आतल्या बाकांकडे बघायचे आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून परत यायचे. त्यांच्या सोबत्यांपैकी एक जण त्या बाकावर बसायचे राहूनच गेले. हे मला अजून विसरता येत नाही.

समारंभाला माझा विरोध नाही. महापौर हे शहराचे प्रथम नागरिक. त्यांच्या हातून सफाई कामगारांचा सत्कार झाला, की त्या माणसाच्या घरी तो फोटो वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो. मोठा पूल किंवा नाट्यगृह खुलं होताना शहराने एकत्र जमावं, हेही योग्यच. कोनशिलेचाही उपयोग आहे. तारीख दगडावर असली की विचारणा करता येते. पण तयार बाक फितीसाठी अडून राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुण्यात आल्यावर म्हणून मी अर्जाची वाट धरली. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. एका कामाची मर्यादा 5 लाख रुपये. क्षेत्रीय कार्यालयातले अभियंते जागा बघून खर्च काढतात, यादी प्रभाग समितीपुढे जाते आणि मंजूर कामं पुढच्या अंदाजपत्रकात येतात. म्हणजे पैसे 1 एप्रिलनंतर, मग निविदा, मग काम. गणपतीत मागितलेलं पुढच्या गणपतीपर्यंत झालं तर चांगलं म्हणायचं. माझा पहिला अर्ज बादही झाला, कारण मी दाखवलेली जागा सोसायटीची निघाली. दुसऱ्या वर्षी पदपथाला उतार आणि थांब्याजवळ दोन बाकं मागितली. एका सकाळी दोन कामगार आले, बाकं बसवली, सिमेंट वाळेपर्यंत दोरी बांधून गेले. दोरी सुटली त्या संध्याकाळी लोक बसलेले होते. पत्रिका नाही, मांडव नाही.

मार्च 2022 नंतर महापालिकेत प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. तेव्हाही अर्ज मागवले जात होते, हीसुद्धा या वाटेची जमेची बाजू.

काम मोठं असेल, नाल्याची भिंत किंवा जलवाहिनी, तर अर्जाच्या नादी लागू नका. 5 लाखांत ते बसत नाही आणि पाठपुराव्याला नगरसेवकच हवा. पाऊस तोंडावर आलाय आणि चेंबर फुटलंय, तरी त्यांच्याकडेच जा. बाक, उतार, दिवा, दिशादर्शक फलक यांसाठी मात्र वर्षभर थांबायची तयारी असेल, तर मी अर्जच भरेन. जागा महापालिकेची आहे ना, ते आधी तपासा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा. प्रभाग समितीत नगरसेवक असतात, तेव्हा अर्जाची प्रत त्यांनाही नेऊन द्या.

यंदा आमचा अर्ज कोपऱ्यावरच्या दिव्यासाठी आहे. जवळच्या खांबाचा क्रमांक वडिलांनी चिठ्ठीवर उतरवून आणलाय.