घराचा इतिहास काढून देणारे 'सर'

कोल्हापुरात सध्या एक गृहस्थ फिरताहेत. जुन्या घरांचा इतिहास काढून देतो म्हणतात, मोडी वाचतात, बोलणं एकदम गोड. नाव लिहीत नाही, कारण पोलिसांत तक्रार अर्ज दिलेला आहे आणि आमच्या वकिलांनी तशी तंबी दिली आहे. शिवाय त्यांनी सांगितलेलं नाव खरं होतं की नाही, देव जाणे. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, मीही इथं तेच म्हणते. माझे एक्केचाळीस हजार गेले. ते जड आहेच, पण नुसतं तेवढंच असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते.

मला जुन्या घरांचं वेड आहे. आठवडाभर पतसंस्थेत नोकरी आणि रविवारी कुणाच्या तरी माळ्यावर किंवा परड्यात, हा माझा क्रम. लोकांकडं तांबडा-पांढरा शिजत असतो तेव्हा मी कौल उलटं करून त्याच्या पोटावरचा कारखान्याचा शिक्का वाचत असते. मंगलोरी कौलांवर तो असतोच आणि घर कधी शाकारलं याचा अंदाज त्यावरून लागतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ चा, मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ ची. 'आमचं छत शिवाजी महाराजांच्या काळातलं' असं कुणी म्हणालं की मी शिडी मागते. बाकीचं काम कागदांचं. नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, म्हणजे घर-जागा कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा उतारा, तिच्या मागची चौकशी नोंदवही, घरफाळ्याच्या जुन्या पावत्या, ट्रंकेतली खरेदीखतं. आपली नगरपालिका १८५४ ची आहे, म्हणजे शोधायला जागा पुष्कळ. सापडतं मात्र थोडं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पेठांमधली मातीच्या भिंतींची बरीच घरं उतरवली गेली. त्यांचे सागवानी खांब, तुळया, कोरीव गणेशपट्ट्या जुनं लाकूड विकणाऱ्यांच्या वखारीत जातात. अशाच एका वखारीत सर भेटले. एका चौकटीवरून हात फिरवत ते मालकाला सांगत होते, की हिची घडवण कोल्हापुरी नाही, घाटाखालची आहे. मी कान टवकारले. ते बरोबर बोलत होते, हे आधी सांगते. हा माणूस अडाणी नाही. सोपा, माजघर, बळद, दिंडी, सगळं त्याला ठाऊक. पेशवेकालीन मोडी आणि इंग्रजी अमदानीतली मोडी यातला फरक त्यानं मला तिथंच एका चिठोऱ्यावर लिहून दाखवला.

माझ्या मामांचं घर शुक्रवार पेठेत आहे. आजोबा जाऊन चाळीस वर्षं होत आली, पण मिळकत पत्रिकेवर अजून त्यांचंच नाव. वारसनोंद कुणी केलीच नाही. थोरले मामा गेले, त्यांचा मुलगा कराडला. मावशी निपाणीला, माझी आई इथंच राजारामपुरीत. घरात धाकटे मामा राहतात. कोल्हापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. घरात कुणाचं भांडण नसतं, म्हणून कागद कुणी हलवत नाही. मामांची एकच इच्छा होती, की हे घर आपल्या पूर्वजांना महाराजांकडून इनाम मिळालं असं घरात बोललं जातं, त्याचा काही पुरावा असला तर डोळ्यांनी बघावा.

सरांना हे सांगितल्यावर ते लगेच 'हो' म्हणाले नाहीत. 'ताई, असं काही निघेलच असं नाही, निघालं नाही तर पैसे परत,' असं म्हणाले. त्यानं विश्वास बसला. पहिले पाच हजार प्राथमिक शोधाचे. मग सोळा हजार, कारण म्हणे संस्थानाचे काही रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याला पेशवे दप्तरात मिसळले आहेत आणि तिथून नकल काढायला माणूस बसवावा लागतो. आता हे ऐकून जाणकार हसतील. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर कोल्हापूरच्याच पुरालेखागारात आहे आणि तिथं नकलेसाठी रीतसर अर्ज करता येतो. मी तेही बोलून दाखवलं. त्यावर उत्तर तयार होतं : 'इथलं मी आधीच पाहिलंय ताई, म्हणून तर पुणे.' शेवटचे वीस हजार मूळ कागदाचे. तो म्हणे एका जुन्या कारकुनी घराण्याकडं निघाला आणि ते लोक मोबदल्याशिवाय सोडत नव्हते. प्रत्येक वेळी पैसे यूपीआयनं, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. 'भाच्याचं खातं आहे', 'माझ्या फोनवर मर्यादा संपलीय.' पावती एकदाही नाही.

पैशांच्या मधोमध, अगदी सहज, एक छापील तक्ता आला. 'वंशावळ भरून द्या, नावं जुळवायला लागतात.' हे कुणालाच खटकलं नाही, आणि त्याला कारण आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या, शपथपत्रं झाली, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. वंशावळ मागणारा माणूस आता दूधवाल्याइतका ओळखीचा झालाय. मामांनी वळणदार अक्षरात तक्ता भरला. वर पाच पिढ्या. खाली मुलं, नातवंडं, कोण कुठं राहतं, हयात की मयत, आणि शेवटच्या रकान्यात मोबाईल नंबर. सोबत मिळकत पत्रिकेची प्रत आणि मामांच्या आधार कार्डाची झेरॉक्स.

कागद आला तेव्हा मामांच्या सोप्यात पेढे वाटले गेले. पिवळट, कडा कुरतडलेला, वर गोल शिक्का, शेवटी 'मोर्तब सूद', म्हणजे शिक्कामोर्तब झाल्याची खूण. सोबत बाळबोधात, म्हणजे देवनागरीत, लिप्यंतर. शके १७१८, नल नाम संवत्सर, म्हणजे १७९६ साल. करवीरकर, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरच्या, शिवाजी महाराजांची कारकीर्द १७६२ ते १८१३, तेव्हा काळ बसत होता. मामांच्या पूर्वजाचं नाव, त्यानं स्वारीत केलेली चाकरी, त्याबद्दल घरठाण बक्षीस, आणि चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे ते. मामांनी ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चतुःसीमेपाशी आले आणि थांबले.

'उत्तरंस बोळ? आगं, ह्यो बोळ तवा कुठं हुता? मी चौथीत असताना म्युन्शिपाल्टीनं शेजारच्यांचा सोपा पाडून काढलाय ह्यो.'

मिळकत पत्रिका काढून शेजारी ठेवली. चारही दिशा त्याच क्रमानं, त्याच शब्दांत उतरवलेल्या होत्या. फक्त 'लगत' काढून 'लागोन' केलं होतं.

मग मी तो कागद आमच्या पतसंस्थेत नेला. कॅश काउंटरवर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याखाली धरला. कागद निळा-पांढरा चमकला, अगदी धुतलेल्या शर्टासारखा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात ती साधारण १९५० नंतरची. जुन्या हातकागदात ती असायचं कारण नाही. मामांच्या ट्रंकेतली एक खरी जुनी चिठी त्याच दिव्याखाली काळपट, मख्ख राहिली. पिवळेपणा बहुतेक चहाचा असावा, कारण रंग कडेला दाट आणि घडीच्या आत तितकाच. खऱ्या कागदाची घडी उघडली की आतला भाग बाहेरच्यापेक्षा उजळ निघतो.

मोडी शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवला तेव्हा त्यांनी आणखी तीन गोष्टी काढल्या. त्यांना भिंग लागलं नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ आखतो आणि अक्षरं तिला टांगत जातो. इथं रेघ प्रत्येक शब्दाला तुटत होती, देवनागरी लिहिणाऱ्या हातासारखी. दुसरं म्हणजे पानावरचा प्रत्येक 'क' दुसऱ्या 'क'सारखा हुबेहूब. बोरूनं लिहिलेलं असं येत नाही. संगणकावरचा मोडी टंक छापून वरून गिरवलाय, असा त्यांचा अंदाज. आणि तिसरी गोष्ट सालाची. शक १७१८, पण खाली सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत अरबी आकड्यांनी लिहिलं जाणारं साल, 'खमस तिसैन मया व अलफ'. खमस पाच, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११९५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे साल मृगाला बदलतं. येतं १७९४-९५. एकाच कागदावर दोन सालं, दोन वर्षांच्या अंतरानं. त्या काळचा कारकून झोपेतही ही चूक करणार नाही. त्याचा रोजचा हिशोबच त्या सनात चालायचा. १७९६ ला 'सब्बा तिसैन', म्हणजे सत्त्याण्णव, पाहिजे होतं.

मला विचाराल तर मजकुरावरूनच शंका यायला हवी असा तो कागद होता. आजवर लोकांच्या ट्रंकांतून जे खरे कागद माझ्या हाती आले त्यांत पराक्रम फारसा नसतो. सामाईक भिंतीचा तंटा असतो, शेजाऱ्याची पन्हाळ आपल्या परड्यात पडते म्हणून फिर्याद असते, गहाणाचं व्याज असतं. मामांनी सरांना सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी सरांनी मामांना परत विकली.

इथवर असतं तर एक्केचाळीस हजारांवर निभावलं असतं. काही आठवड्यांनी निपाणीहून मावशीचा फोन आला.

'आगं, तुझ्या सरांची दोन माणसं आल्यात. घराचा इतिहास लिहायचाय म्हणत्यात. इतिहासाला माझी सही कशाला लागतीया?'

मी म्हटलं, मावशी, कशावर सही करू नकोस, चहा दे आणि बसवून ठेव. ती तयारीची बाई. चष्मा सापडत नाही, नातू आल्यावर बघू, असं करून तिनं त्यांना तासभर झुलवलं आणि नातवाकरवी कागदाचा फोटो काढून घेतला. वर मथळा 'संमतीपत्र'. आत दुसऱ्या पानावर कुलमुखत्यारपत्र होतं : शुक्रवार पेठेतल्या मिळकतीतला माझा अविभक्त हिस्सा विकण्याचा, मोबदला घेण्याचा आणि दस्त नोंदवण्याचा अधिकार अमुक इसमास. सोबत पन्नास हजारांचं पाकीट. निपाणीची निवड उगाच नव्हती. लांब राहणारा, घराशी रोजचा संबंध नसलेला, वय झालेला वारस त्यांना पाहिजे होता आणि तो कोण, हे मामांच्या वळणदार अक्षरात तक्त्यावर लिहिलेलं होतं.

कराडच्या मामेभावाकडं ते आधीच जाऊन आले होते. त्यानं सही केली होती, नोटरीसमोर. पंचवीस हजार घेतले होते. त्याला वाटलं ताईचंच काम आहे.

तेव्हा कुठं सगळं लक्षात आलं. खोटा कागद हा वरचा धंदा. खरा माल म्हणजे मयत माणसाच्या नावावर राहिलेली पेठेतली घरं आणि त्यांच्या वारसांचे पत्ते. असा एकेक हिस्सा स्वस्तात गोळा करून पुढं बांधकामवाल्याला दाखवायचा. घराचा इतिहास शोधायला मागच्या पिढ्या लागतात, मेलेल्या माणसांची नावं लागतात. जिवंत माणसांचे मोबाईल नंबर त्यात कुठंच लागत नाहीत. सरांचा तक्ता वर पाच पिढ्यांवर थांबत होता, पण खाली शेंडेफळापर्यंत उतरत होता.

वकिलांनी थोडा धीर दिला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा त्रयस्थानं घेतला तरी त्याला घरात येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही. १८९३ च्या वाटप कायद्याच्या चौथ्या कलमात तर अशा त्रयस्थानं वाटपाचा दावा केला तर कुटुंबातल्यानं तो हिस्सा रास्त किमतीत विकत घेण्याची सोय आहे. पण हे सगळं कोर्टात भांडायचं, आणि मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. मामेभावानं मुखत्यारपत्र रद्द केल्याची नोटीस पाठवली, पेपरात जाहीर नोटीस दिली, घेतलेले पंचवीस हजार वकिलांमार्फत परत करू म्हणून कळवलं. ते न्यायला अजून कुणी आलेलं नाही. दिवाणी कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल केलंय. त्याची मुदत नव्वद दिवस, संपली की परत. पोलिसांतल्या अर्जात फसवणूक आणि बनावट दस्त, दोन्ही लिहिलंय. यूपीआयनं गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं, पण तिथं पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच ते वाटेत अडवण्याची आशा जास्त असते. आमचे जाऊन महिने झाले होते.

आता मामांनी वारसनोंदीचा अर्ज दिलाय. चारही हिश्श्यांची नावं पत्रिकेवर येतील. आई, मावशी, कराडचा भाऊ, सगळ्यांनी एकत्र बसून सह्या केल्या, त्याही दर पान वाचून. तुमच्या घराची पत्रिका अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर असेल तर त्या हौशी इतिहासाआधी हे काम करा. शोधासाठी कुणाला कागद द्यायचेच असतील तर झेरॉक्सवर आडवं लिहा, 'फक्त घराच्या इतिहासासाठी', तारीख टाका. आधार कुणालाही देऊ नका, दप्तरात शोधायला ते लागत नाही. आणि सरकारी दप्तरातला मूळ कागद विकत मिळत नसतो. नकल मिळते, तीही तुमच्या नावाच्या अर्जावर, पावतीसकट. मूळ आणून देतो म्हणणाऱ्यानं तो एकतर चोरलाय नाहीतर बनवलाय.

सरांचा नंबर बंद आहे. पण गडहिंग्लजच्या आणि मिरजेच्या माझ्या ओळखीच्या दोघांना अलीकडं नव्या नंबरावरून फोन आलेत. आवाज तसाच गोड, घरातल्या गणेशपट्टीचं तेच कौतुक, आणि 'निघालं नाही तर पैसे परत'. मिरजेच्या ओळखीच्यांना तक्ताही येऊन पोचलाय. छपाई यावेळी जरा बरी आहे, आणि शेवटच्या रकान्यात मोबाईल नंबराच्या खाली आता 'पर्यायी नंबर' असं वाढवलंय.