यूपीएससीचा ऑनलाइन कोर्स, आठ महिने वापरून: आधी व्ह्यू मोजा, मग पैसे भरा

कोर्समध्ये काय काय येतं ते सगळ्यांना पाठ आहे. पूर्व, मुख्य, मुलाखत, टेस्ट सिरीज, महिन्याच्या चालू घडामोडींची पीडीएफ. ते परत लिहीत बसत नाही. मला लिहायचंय ते व्ह्यूबद्दल.

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला पोरीनं राज्यघटनेच्या व्हिडिओंमधला भाग १७ उघडला. स्क्रीनवर आलं, 'या व्हिडिओचे आपले व्ह्यू संपले आहेत.' भाग १७ म्हणजे रिट याचिका, कलम ३२ आणि २२६. यातला बंदी प्रत्यक्षीकरण (अटकेतल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा असा हुकूम) हा शब्द ऐकला की आमच्या खात्यात भल्याभल्यांना घाम फुटतो, एवढा तो भाग महत्त्वाचा. पूर्वपरीक्षा २४ मे ला. आणि व्ह्यू संपले!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: एक व्हिडिओ तीनच वेळा बघता येतो. चौथ्यांदा कुलूप. फी ४२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४९,५६०. एकूण व्हिडिओ ४१२. गुणिले तीन, १,२३६ व्ह्यू. भागाकार करा, एका व्ह्यूला ४० रुपये १० पैसे पडतात. पैसे भरताना हे कुणी सांगत नाही. 'आज रात्री बारापर्यंतच ऑफर' एवढंच सांगतात. ती ऑफर आजही चालू आहे, मी काल बघितली.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत गेली, त्यामुळं नोंद करायची सवय हाडात आहे. कोर्स घेतल्या दिवशीच २०० पानी वही घातली. तारीख, भाग नंबर, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, शेरा. पोरगी हसली. म्हणाली, "पप्पा, स्टेशन डायरी घातली काय?" म्हटलं, व्हय. ४० रुपयाला एक व्ह्यू आहे, मुद्देमालाची नोंद नको?

वहीप्रमाणं भाग १७ चे दोनच व्ह्यू झाले होते. पहिला नोव्हेंबरात, सकाळी कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या अभ्यासिकेत. दुसरा जानेवारीत घरात, ११ व्या मिनिटाला लाइट गेली, वायफाय बंद, शेरा 'अपूर्ण'. म्हणजे एक शिल्लक पाहिजे. ॲप म्हणतंय शून्य. मी तक्रार टाकली.

चॅटवर उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे, तिकीट नंबर अमुक.' दोन दिवसांनी मेसेज, 'आपले तिकीट बंद करण्यात आले आहे.' परत टाकली. 'धोरणानुसार व्ह्यू वाढवता येत नाहीत, अधिक माहितीसाठी अटी व शर्ती पाहाव्यात.' परत बंद. तिसऱ्यांदा टाकताना मला एकदम काहीतरी ओळखीचं वाटलं. अहो, हे तर आमचंच! अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी, नोंद करायची, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५५ खाली कोर्टात दाद मागा म्हणून समज द्यायची, कागद हातात ठेवायचा आणि पुढचा माणूस बोलवायचा. (आता ते कलम नव्या संहितेत १७४ झालंय, समज तीच आहे.) तीस वर्षं मी टेबलाच्या अलीकडं होतो. आता पलीकडनं कसं दिसतं ते कळलं. राग मात्र त्यामुळं कमी झाला नाही, वाढलाच.

मग मी ठेवणीतलं हत्यार काढलं. सविस्तर रिपोर्ट. विषय, संदर्भ, घटनेचा तपशील, वेळ, सोबत वहीच्या चार पानांचे फोटो. ईमेल केला. त्याचं काय झालं ते पुढं सांगतो, आधी कोर्स घेतला कशाला ते सांगितलं पाहिजे, नाहीतर म्हणाल एवढ्या हौसेनं पन्नास हजार घातले कसे.

२२ एप्रिल २०२५ ला यूपीएससीचा निकाल लागला. आमच्या जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात यमगे म्हणून गाव आहे, तिथला मेंढपाळाचा मुलगा बिरदेव डोणे देशात ५५१ वा आला. त्यानंतर महिनाभर कोल्हापुरात दुसरा विषय नव्हता. क्लासवाल्यांचे फोनही तेव्हापासनंच सुरू झाले, आणि प्रत्येकजण बिरदेवचं नाव घेऊनच सुरुवात करायचा, जणू त्याची मेंढरं यांनीच राखली होती.

पण आमचं कारण वेगळं होतं. कारण होतं १५२ सेंटिमीटर. पोरीची उंची. तिला वर्दीचं वेड लहानपणापासून, पोलीस लाइनमध्येच वाढली. पण महाराष्ट्रात महिला शिपाई भरतीला १५५ लागते. एमपीएससीतनं पीएसआय किंवा थेट डीवायएसपी व्हायचं तर १५७. तिन्ही दारं बंद. आणि आयपीएसला मुलींना किती लागते? १५०. म्हणजे जी पोरगी माझ्या खात्यात शिपाई म्हणून उभी राहू शकत नाही, ती एसपी म्हणून येऊ शकते. हे मला ३३ वर्षं नोकरी करून माहीत नव्हतं, तिनंच नियमावलीतनं काढून दाखवलं. मी तरीपण दाराच्या चौकटीला उभी करून टेपनं तीनदा मोजली. सकाळी १५२ आणि वर थोडं, संध्याकाळी बरोबर १५२.

क्लासच्या काउन्सेलरला मुद्दाम विचारलं होतं. तो छातीठोक बोलला, "मुलींना १६० लागते सर, पण काळजी करू नका, आयएएस करू." म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही पैसे घालणार तेच त्याला माहीत नव्हतं. मी तिथंच शहाणा व्हायला पाहिजे होतो. आणखी एक. यूपीएससीच्या अर्जाला मुलांना १०० रुपये फी, मुलींना माफ. सरकार फुकटात परीक्षा घेतंय, आणि त्या परीक्षेची वाट दाखवणारे ४९,५६० घेतात.

बरं, शिकवणं कसं आहे? खरं सांगायचं तर राज्यघटनेचे सर झकास. मराठीतनं, पण अवघड शब्दांचं ओझं न घालता. पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे आणि आयपीएस ही अखिल भारतीय सेवा, कलम ३१२ खाली, म्हणून एसपीची नेमणूक राज्य करतं पण त्याला बडतर्फ करायचा अधिकार राज्याला नाही. हे आम्ही आयुष्यभर नुसतं बघितलं होतं, 'साहेबांना मुंबईचं कोणी काही करू शकत नाही' अशा भाषेत. त्यामागचं कलम आत्ता कळलं. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्याचा २००६ चा निकालही त्यांनी चांगला सोडवून सांगितला. निदान दोन वर्षं एका पदावर ठेवा असं सुप्रीम कोर्ट म्हणतं. दोन वर्षांच्या आत किती साहेबांची निरोपाची पार्टी आम्ही केली ते आठवत बसलो.

अंतर्गत सुरक्षेचे सर मात्र कच्चे. व्हिडिओ जुने आहेत, अजून आयपीसी आणि सीआरपीसी हे जुने फौजदारी कायदेच चाललेत. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, जमावबंदीच्या कलम १४४ चं १६३ झालं, यांना पत्ता नाही. एका भागात ते म्हणतात, जमावबंदीचा आदेश एसपी काढतो. कसा काढेल? कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही. इथं मनाई आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून निघतो, एसपी नुसता प्रस्ताव पाठवतो. मी तो प्रस्ताव घेऊन स्वतः कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या चढलोय. आणि चालू घडामोडींच्या पीडीएफमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला दीड ओळ! १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली. त्या मागणीच्या आंदोलनांच्या बंदोबस्तात माझी निम्मी नोकरी गेली. दीड ओळ.

टेस्ट सिरीजमधली मोठी चूक वेगळीच आहे आणि मराठी माध्यमवाल्यांनी ती नीट वाचा. हे लोक प्रश्न मराठीत छापून देतात. पोरं खूश. खऱ्या परीक्षेत प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. मुख्यला उत्तर मराठीत लिहिता येतं, प्रश्न मराठीत येत नाही. तीन तासांत २० प्रश्न, म्हणजे एकाला नऊ मिनिटं, त्यातलं एक मिनिट प्रश्न समजून घेण्यात गेलं तर उरलं काय? पोरीनं हे ओळखलं आणि दिवाळीपासून इंग्रजी प्रश्न घेऊनच मराठीत उत्तरं लिहिते. सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेचा गणित-तर्काचा दुसरा पेपर, तर पॅकेजमध्ये नाहीच, वेगळे सहा हजार. तो पेपर ३३ टक्क्यांचा नुसता पास व्हायचा, २०० पैकी ६६, पण तिथं पडलं तर पहिला पेपर तपासून उपयोग नाही. आम्ही ते घेतलं नाही. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडनं गणित शिकते, त्याला सौ. रविवारी मटणाला बोलावते. स्वस्त पडतंय.

आता रिपोर्टाचं. ईमेलनंतर आठव्या दिवशी फोन आला. गडहिंग्लजकडचा पोरगा, बोलण्यावरनं लगेच कळलं. स्वतः चार अटेम्प्ट दिलेला, आता तिथंच नोकरीला. पहिलंच वाक्य, "काका, एवढा सविस्तर रिपोर्ट आमच्याकडं आजवर कुणी दिलेला नाही." मग म्हणाला, तुमच्या ॲपवरच्या खात्याचा लॉग पाठवतो, तुम्हीच बघा. आला. तारीख, वेळ, उपकरण, मिनिटं, सगळं. आमच्या सायबर सेलला लाजवेल असं.

भाग १७, तिसरा व्ह्यू: दुपारी २ वाजून १० मिनिटं, टॅबवर, ५८ मिनिटं.

त्या वेळी पोरगी राजारामपुरीत. टॅब घरात. घरात मी.

झालं असं की दुपारी जेवण झाल्यावर मी ते घटनेचे व्हिडिओ लावायचो. सर चांगले शिकवतात म्हटलं ना. दहाएक मिनिटं ऐकायचो, मग डोळा लागायचा, व्हिडिओ चालूच. वहीत माझ्या नोंदी नव्हत्या. मी काय अभ्यास थोडाच करत होतो, नुसतं बघत होतो, म्हणून लिहिलं नाही. लॉगमध्ये माझे व्ह्यू मोजले, ६३. गुणिले ४०. अडीच हजार रुपयांची दुपारची झोप. सौ. म्हणाली, "अवो, आरोपीच फिर्याद घेऊन गेला की!" दोन दिवस घरात हाच विषय होता. पोरगी काही बोलली नाही, नुसती ती वही घेऊन गेली आणि लाल पेननं माझे ६३ चढवून आणून दिली.

त्यामुळं आधी मी एक चांदणी देणार होतो, ती मागं घेतो. पण म्हणून कंपनी सुटली असं समजू नका. त्या पोरानंच सांगितलं, व्हिडिओ पाच मिनिटांच्या पुढं गेला की पूर्ण व्ह्यू धरतात. म्हणजे जानेवारीत ११ व्या मिनिटाला लाइट गेली तो अख्खा व्ह्यू गेला. आमच्या कळंब्याकडं पावसाळ्यात लाइट दिवसात चारदा जाते, पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की विचारूच नका. मिनिटं मोजायची सोय यांच्याकडं आहे, लॉगमध्ये मिनिटं आलीच आहेत की! मग व्ह्यू कशाला, मिनिटं मोजा. हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "काका, मी वर कळवतो." वर कळवतो म्हणजे काय ते मला नका सांगू.

शेवटी त्यांनी १४ भागांना एकेक व्ह्यू वाढवून दिला, 'विशेष बाब' म्हणून. त्यात भाग १७ आहे. तीन चांदण्या. चौथी त्या गडहिंग्लजच्या पोराला, कंपनीला नाही.

घ्यावा का? घटना आणि इतिहासासाठी घ्या, अंतर्गत सुरक्षेसाठी घेऊ नका, आणि दोघांत मिळून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, तीन व्ह्यू दोघांना पुरत नाहीत हे मी सिद्ध करून दाखवलंय. २०२४ च्या परीक्षेत आयपीएसच्या जागा होत्या १४७, त्यामुळं पन्नास हजार घालून साहेब होता येतं असं कुणी फोनवर सांगत असेल तर फोन ठेवा.

वहीतली आजची नोंद: भाग १७, शिल्लक १. मे च्या दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवला आहे. टॅबचा पासवर्ड बदलण्यात आला असून तो प्रस्तुत नोंद करणाऱ्यास कळवण्यात आलेला नाही.