लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, ५० मिग्रॅ व्हायल: औषध उत्तम, पण नाव पुरतं वाचा

परळच्या इस्पितळातून प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिस्टकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं: ‘इंजे. अँफोटेरिसिन’. घोळ इथूनच सुरू होतो, कारण या नावाखाली चार वेगळी औषधं मिळतात: जुनं डीऑक्सिकोलेटवालं, लिपिड कॉम्प्लेक्स, इमल्शन आणि लायपोसोमल. बुरशी मारणारा रेणू चारींत तोच असला तरी डोस तोच नाही. म्युकरसाठी (काळ्या बुरशीच्या आजारासाठी) लायपोसोमलचा डोस किलोमागे रोज साधारण ५ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला ३०० मिग्रॅ, सहा व्हायल. जुन्या प्रकाराची कमाल मर्यादा किलोमागे १.५ मिग्रॅ. सहा व्हायलचा हिशोब जुन्या औषधाला लावला तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून चिठ्ठीवर, बिलावर आणि व्हायलवर ‘लायपोसोमल’ हा शब्द दिसेपर्यंत सील फोडू नये.

महाग असूनही हेच का घ्यायचं, तर मूत्रपिंडासाठी. जुन्या औषधाने क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) चढतं आणि थंडी भरून अंग थरथरतं. इथे औषध १०० नॅनोमीटरपेक्षा लहान पोकळ गोळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बांधलेलं असतं. सोयाबीनपासून मिळवलेलं फॉस्फोलिपिड (चरबीच्या जातीचा पदार्थ), कोलेस्टेरॉल आणि डीएसपीजी हे दुसरं फॉस्फोलिपिड यांचा दुपदरी पापुद्रा म्हणजे या गोळीची भिंत. गंमत अशी की औषध गोळीच्या पोटातल्या पाण्यात नसतं, भिंतीतच रुतलेलं असतं. ते बुरशीला चिकटेपर्यंत फारसं सुटत नाही, त्यामुळे मूत्रपिंडाच्या पेशींना त्रास कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतातच, रक्त तपासत राहावं लागतं.

आता तयारी. व्हायलमध्ये पिवळी वडी असते. तिच्यात १२ मिली ‘वॉटर फॉर इंजेक्शन’ घालायचं, सलाईन (मिठाचं पाणी) नाही. लगेच ३० सेकंद जोरात हलवायचं. नॅनो औषध म्हणून हळुवार घोळवत बसणं इथे चुकीचं आहे, गुठळ्या राहतात. पिवळं, अर्धपारदर्शक द्रावण झालं की त्यात मिलीमागे ४ मिग्रॅ औषध असतं. सिरिंजला ५ मायक्रॉनचा फिल्टर लावून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. फिल्टर प्रत्येक व्हायलला नवा. ३०० मिग्रॅसाठी ७५ मिली द्रावण होतं. २५० मिलीच्या डेक्स्ट्रोजच्या बाटलीतून आधी ७५ मिली काढून टाकलं की मिलीमागे १.२ मिग्रॅ येतं, म्हणजे १ ते २ च्या मर्यादेत. मिसळल्यापासून सहा तासांच्या आत ड्रिप सुरू करायची आणि दोन तासांत द्यायची.

सगळ्यात जास्त घोटाळा सलाईनने होतो. क्षारांशी गाठ पडली की लायपोसोम एकमेकांना चिकटतात आणि औषध गढूळ होऊन खाली बसतं. वॉर्डात हे कसं घडतं ते पाहा: याच औषधाने पोटॅशियम घसरलेलं असतं, म्हणून पोटॅशियम क्लोराइडची ड्रिप सलाईनमधून चालू असते आणि सिस्टर त्याच लाईनला थ्री-वेने (तीन तोंडांच्या जोडणीने) अँफोटेरिसिन जोडतात. लाईन वेगळी हवी. नाहीतर आधी आणि नंतर डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची.

या नियमाला एक मुंबईकर अपवाद आहे. केईएम इस्पितळातल्या संशोधनाच्या वाटेने आलेलं फंगीसोम हे लायपोसोमल औषध सलाईनमध्येच तयार मिळतं, पण देण्याआधी ४५ मिनिटं अल्ट्रासोनिक यंत्रात धरावं लागतं. म्हणून एका कंपनीची माहितीपत्रिका वाचून दुसरीची व्हायल बनवू नये.

पेटंटचं गणितही लायपोसोमच्या भिंतीतच आहे. अँफोटेरिसिन हा रेणू १९५० च्या दशकातला, त्यावर आज कोणाचीच मालकी नाही. मालकी होती ती भिंतीच्या पाककृतीवर: आम्लधर्मी द्रावकात औषध आणि डीएसपीजी विरुद्ध विद्युतभारांनी कसं जोडायचं यावर. अँबिसोम या मूळ लायपोसोमल ब्रँडला अमेरिकेत १९९७ साली परवानगी मिळाली. तिथे पहिली जेनेरिक नक्कल मंजूर झाली डिसेंबर २०२१ मध्ये, मुंबईच्या सन फार्माची. पेटंट संपलं म्हणजे दुसऱ्या दिवशी स्वस्त माल आला, असं इथे होत नाही. घटक तेच ठेवून कारखान्यात तापवण्याचं तापमान किंवा वेळ बदलला तरी विषारीपणा बदलू शकतो. तांबड्या पेशींमधून पोटॅशियम किती गळतं, हे पाहून तो तपासतात.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या स्पष्टीकरणात तर ‘कणांचा आकार’ हे शब्दच आहेत. माहितीतल्या पदार्थाचे कण नुसते बारीक केले तर तो नवा पदार्थ ठरत नाही, परिणामकारकतेत लक्षणीय फरक दाखवावा लागतो. ग्लिवेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही परिणामकारकता म्हणजे रोगावरची, असं सांगितलं. मूत्रपिंड वाचणं त्यात बसतं का, यावर वकील दिवसभर बोलू शकतील. पेशंटच्या घरच्यांना मात्र त्याचं उत्तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर दिसतं.

खरेदीचं थोडक्यात. साठवणीचं तापमान कंपनीगणिक वेगळं: कुठे २५ अंशांपर्यंत चालतं, कुठे २ ते ८ लागतं. खोक्यावर पाहा. थंड लागणारा माल मरीन लाइन्सहून लोकलने नेताना थेट बर्फात पुरू नका. द्रवरूप औषध गोठलं तर लायपोसोम फुटू शकतात आणि वरून ते ओळखू येईलच असं नाही. जेल पॅक, मध्ये जाड कापड, त्यावर खोका. संपूर्ण कोर्स एकाच कंपनीचा मिळतो का ते आधीच विचारा. रोज सहा व्हायल म्हणजे आठवड्याला बेचाळीस, आणि अर्ध्यावर ब्रँड बदलला तर तयारीची पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागेल.