जुनी फरशी उखडून देणारी टोळी, दांडिया बाजार, वडोदरा: चार तारे

टाइल फोडायला कुणीही मिळतं. खालचा माल, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर, नीट साफ करून देणारा मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, इमारत जुनी. हॉलची फरशी जागोजागी बोदी झालेली. आधी जे दोघे कडिया (गवंडी) बघून गेले, त्यांचा सल्ला एकच: बेन, उखडू नका, वरूनच नवी बसवू. म्हणजे उंची दीडेक सेंटिमीटर वाढणार, सगळे दरवाजे खालून कापायचे, गॅलरीचा उंबरा बुडणार. आणि जी टाइल आधीच सुटलीय, तिच्यावर नवी चिकटवून साधणार काय?

या टोळीच्या मुकादमाने आल्या आल्या हातोडीने खोली ठोकत पाहिली, पोकळ वाजेल तिथे खडूने खुणा केल्या आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते विचारलं. उभ्याने चालवायचा मोठा ब्रेकर आणलाच नाही. "नीचेवाळानुं प्लास्टर पडी जशे," म्हणाला, म्हणजे खालच्यांचं प्लास्टर पडेल. पाचेक किलोची हातातली हॅमर मशीन, तिला रुंद चपटी छिन्नी. सुटलेल्या टाइलपासून सुरुवात आणि छिन्नी जवळजवळ आडवी. उभी मारली की स्लॅबला खड्डे पडतात.

टाइल भराभर निघाल्या. पैसे वसूल झाले ते नंतर. हॉलमध्ये खालचा सिमेंट-वाळूचा थर इतका भुसभुशीत की मुठीत धरला तर वाळू गळायची. तो स्लॅबपर्यंत काढला, तिथे नवा कोबा केला. स्वयंपाकघरात मात्र कोबा ठणठणीत, तो राहू दिला. त्याला चिकटलेले सिमेंटच्या घोळाचे पापुद्रे तेवढे ग्राइंडरने घासले. मग ॲल्युमिनियमची लांब पट्टी चारी दिशांनी फिरवली. पट्टी जिथे डुगडुगली तिथे पुन्हा छिन्नी. एका ठिकाणी वाटाण्याएवढी गाठ होती. मला दिसलीही नसती, त्याला पट्टीने सांगितली.

एवढी कटकट कशाला, तर आमच्या नव्या टाइल्स मोरबीच्या व्हिट्रिफाइड. त्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पितात, नुसता सिमेंटचा घोळ त्यांना नीट धरत नाही. केमिकल, म्हणजे टाइल चिकटवायचा गोंद, लागतं, आणि त्याचा थर जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर. खाली गाठ राहिली की टाइलचा कोपरा वर येतो. धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, जमिनीला नाही. म्हणून शेवटी झाडू, मग व्हॅक्यूम, मग ओलं फडकं. व्हॅक्यूम आमचाच, त्यांच्याकडे नव्हता.

बाथरूमच्या टाइल धड होत्या, फक्त सांधे काळे पडलेले. तिथे मशीन लावली नाही. कार्बाइडच्या पात्याने हातानेच सांध्यांत भरलेला जुना ग्राउट खरवडला, टाइलची कड न उडवता. ॲसिड टाकून पटकन होईल का, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मुकादमाने कानाला हात लावला. ॲसिड सांध्यातून झिरपून खालचं सिमेंट खातं, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

पाचवा तारा का नाही? एक, धूळ. पाणी शिंपडा म्हटल्यावर शिंपडायचे, मी आत गेले की पुन्हा कोरडंच. पोरांच्या तोंडाला नुसते रुमाल. ती बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते, रुमालाने काय अडणार? शेवटी मीच एन-95 आणून दिले, तेव्हा लावले. देवघराला ओली चादर लावली होती म्हणून देव वाचले. दोन, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) काढताना भिंतीचं वीतभर प्लास्टर आलं आणि ते भरायचे पैसे वेगळे, हे आधी कुणी बोललं नव्हतं.

दर ठरवताना "माल साफ करून, पट्टी लावून" असं स्पष्ट बोलून घ्या. नुसतं "फरशी काढणे" म्हटलंत तर टाइल उचलून मोकळे होतील. राडारोडा गोण्यांत भरून खाली उतरवणं आमच्या दरात होतं, टेम्पो नव्हता.