अंगणातल्या तळ्याचा ४० वॅटचा पंप : वर्षभराचा वापर आणि ‘मोटर वीक झाली’ हे निदान

‘मोटर वीक झाली आहे, आता नवीनच घ्या,’ असे निदान सर्व्हिस सेंटरमधल्या गृहस्थांनी, धार बारीक झाली म्हणून नेलेल्या पंपाचे झाकणही न उघडता केले, आणि खरे तर त्या एका वाक्यामुळेच हा अनुभव लिहायला घेतला आहे. पंप चांगला की वाईट हा प्रश्न माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. या जातीच्या पंपाची मोटर अशी हळूहळू मंदावत नसते, हे तो विकणाऱ्या कंपनीच्याच माणसाला ठाऊक नसावे, याचा राग अधिक आहे.

पंप नेहमीचाच : पाण्यात बुडवून ठेवायचा, पेटीवर ताशी २५०० लिटर आणि २.७ मीटर उंची असे दोन आकडे ठळक छापलेला. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, पहिला शून्य उंचीवरचा असतो आणि दुसऱ्या उंचीला धार बंद पडते, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. सोलापुरात आमच्या अंगणात सिमेंटचे छोटे तळे आहे, त्यात कुमुदिनी आणि गप्पी मासे आहेत, आणि पंप पाणी मीटरभर वर चढवून दगडी पन्हळातून परत तळ्यात सोडतो. नवा असताना पन्हळाखाली धरलेली २० लिटरची बादली साधारण पाऊण मिनिटात भरत असे, म्हणजे ताशी सुमारे १६०० लिटर, आणि त्या उंचीला तेवढीच अपेक्षा होती. आवाज जवळजवळ नाही, दिवसरात्र चालवूनही वीज महिन्याला २९ युनिटांच्या आसपास. पहिले काही महिने मी हा पंप विचारेल त्याला सुचवत होतो.

उन्हाळ्यात मात्र धार बारीक होत गेली आणि तीच बादली भरायला दोन मिनिटे लागू लागली. केवळ शोभेचा प्रश्न असता तर दुर्लक्ष केले असते. पण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम तर ३० अंशांना साडेसातच, आणि पडणाऱ्या धारेने तळे पुरेसे ढवळले नाही की पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात.

आता त्या निदानाविषयी. या पंपात घासणारे ब्रश नसतात. तांब्याची कॉइल इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होऊन बसणाऱ्या राळेत, कायमची बंद केलेली असते, आणि तिच्या पोकळीत चुंबकाचा एक दंडगोल सिरॅमिकच्या बारीक दांड्यावर फिरतो. त्या चुंबकाला दोनच ध्रुव असल्यामुळे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो मिनिटाला ३००० फेरे घेतो, किंवा मग जागच्या जागी थरथरत गुणगुणतो. या दोहोंच्या मधली स्थिती त्याला नाही. व्होल्टेज उतरले तरी फेरे कमी होत नाहीत. फार उतरले, तर तो सुरूच होत नाही आणि कॉइल तापत राहते, जे आमच्याकडे वीज गेल्यावर परत येताना कधीकधी घडते. तात्पर्य, पंप आवाज न करता चालू आहे आणि पाणी मात्र कमी आहे, तर दोष विजेच्या बाजूला शोधण्यात अर्थ नाही. तो पाण्याच्या वाटेत असतो, म्हणजे जाळीत, गाळणीच्या स्पंजात, इम्पेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकात) किंवा नळीत.

शोधण्याचा क्रम त्यावरूनच ठरतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही, आणि बाहेरच्या त्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पंपाआधी तो बसवून घ्यावा. स्पंज मी नेमाने धूत असल्याने तो निर्दोष होता. नंतर नळी काढून पंप नुसताच पाण्यात चालवून पाहिला, तर उसळी बरीच वाढली. याचा अर्थ निम्मा अपराध नळीचा होता. अर्ध्या इंचाची ती पारदर्शक नळी उन्हात असल्याने आतून शेवाळाच्या बुळबुळीत थराने भरली होती, आणि व्यास घटला की घर्षणाचा तोटा जवळजवळ त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढत असल्यामुळे दोन मिलिमीटरचा थरसुद्धा धारेचा जीव घेतो. तिच्या जागी पाऊण इंची काळी नळी टाकली. काळी अशासाठी की आत उजेड जात नाही. पंपासोबत पारदर्शक नळी देण्याची कल्पना कोणाची, हे मात्र कळायला हवे.

उरलेला दोष इम्पेलरमध्ये. पुढचे झाकण पाव फेरा फिरवले की निघते (निघायला हवे, पण क्षारांनी ते असे धरले होते की रबरी हातमोजे घालून जोर लावावा लागला) आणि चुंबकासकट इम्पेलर बाहेर ओढता येतो. त्यावर पांढुरका कडक थर होता. आमचे बोअरचे पाणी जड आहे, उन्हाने तळ्यातले पाणी उडते, क्षार मागे राहतात, आणि आपण पुन्हा बोअरचेच पाणी भरून त्यांत भर घालतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे सायट्रिक ॲसिड घालून सुटे भाग काही तास भिजवले, फेस येणे थांबल्यावर मऊ ब्रशने घासले आणि भरपूर पाण्याने धुतले. संडासाचे ॲसिड इथे कोणी वापरू नये. दांड्याला धरणाऱ्या रबरी बुशांचे आणि नंतर माशांचेही त्याने वाटोळे होईल. इम्पेलर चुंबकावर थोडा सैल फिरतो, तो दोष समजू नये. मोटर कोणत्याही दिशेने सुरू होऊ शकते म्हणून पाती सरळ असतात, आणि सुरुवातीची उचल घेता यावी म्हणून ही ढील मुद्दाम ठेवलेली असते.

एवढे केल्यावर बादली मिनिटाच्या आत भरू लागली आणि पंपाविषयीचे माझे मत पुन्हा बदलले. कॉइलमध्ये पाण्याचा थेंब शिरलेला नाही, दांड्यावर झीज नाही. या किमतीला हे काम उत्तमच म्हणावे लागेल. पूर्वीची पाऊण मिनिटाची वेळ मात्र आली नाही, कारण एका पात्याचा टवका उडालेला आहे, बहुधा वाळूच्या खड्याने.

आणि इथे कंपनीशी वाद पुन्हा पेटला. इम्पेलर सुटा मिळत नाही. क्षार आणि तुटलेले पाते वॉरंटीत बसत नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या यंत्रात झिजणारा मुख्य भाग एकच आहे तो विकायचाच नाही आणि त्यापायी १४०० रुपयांचा पंप भंगारात घालायला सांगायचे, हा व्यवहार मला मान्य नाही. मोटरची कॉइल नव्याने गुंडाळून देणाऱ्या रिवायंडिंगवाल्यांनी इपॉक्सी पाहूनच हात जोडले. कूलरच्या पंपाचा इम्पेलर दिसायला तसाच, पण त्याचा चुंबक आखूड निघाला. अखेर ॲक्वेरियमचे सामान ठेवणाऱ्या एका दुकानदाराने व्हर्निअरने चुंबकाचा व्यास, लांबी आणि दांड्याचे भोक मोजून घेतले आणि दुसऱ्याच एका पंपाचा इम्पेलर १८० रुपयांना काढून दिला. तो बसला. पाती किंचित लहान आहेत, त्यामुळे बादलीला पंप नवा असतानापेक्षा पाच-सात सेकंद जास्त लागतात, आणि तेवढे मी १२२० रुपयांच्या बदल्यात आनंदाने सोसतो.

पंपाला पाचपैकी चार तारे, सर्व्हिसला एकही नाही. दीड मीटरच्याच वायरीपायी गुणांचा अर्धा तारा खरे तर वेगळा कापायला हवा, कारण तळ्याच्या काठापासून पावसापासून सुरक्षित असा सॉकेट इतक्या जवळ कोणाच्याच घरी नसतो, आणि जोड द्यावा लागला तर तो पाण्याबाहेर, बंद डबीतच द्यावा लागतो. घेणाऱ्यांनी दुकानात आधी इम्पेलर सुटा मिळतो का ते विचारावे, आणि मिळत असेल तर त्याच दिवशी एक जादा घेऊन ठेवावा.