तालुक्याच्या रेकॉर्ड रूमचा अनुभव (जुन्या फेरफारची नक्कल)

5 पैकी 4 स्टार. चारही स्टार तिथलं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मॅडमना, खोलीला नाही. तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही, रत्नागिरी जिल्ह्यातला आहे एवढंच.

काम साधं होतं, पणजोबांच्या वरकस (डोंगरउताराच्या, हलक्या) जमिनीची वारस नोंद करायची होती. सातबाऱ्यावर जुन्या फेरफारचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा, नंबर गोलात लिहिलेला दिसतो पण त्या फेरफारात काय आहे ते तलाठी ऑफिसात मिळालं नाही, ती रजिस्टरं तालुक्याला जमा झालीत म्हणाले. आपल्याकडे हे घरोघरी कधी ना कधी येतंच. खोती, म्हणजे खोतांकडची गावाच्या साऱ्याची वसुली, 1949 च्या कायद्याने गेली, मग 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन आला आणि दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं मालक झाली, त्या आठ-दहा वर्षांत कुणाचं नाव चढलं, कुणाचं कमी झालं, कशाच्या आधारावर, ते सगळं गाव नमुना 6 मध्ये लिहिलेलं असतं. तो कागद गेला की मग ज्याचा आवाज मोठा त्याची जमीन.

कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला आणि मी आपला पणजोबांचं नाव, वाडीचं नाव असं सांगत बसलो, तर मॅडम म्हणाल्या, "दादा, नावावरून नाय सापडत, गाव आणि फेरफार नंबर सांगा, नंबर नसेल तर वर्ष तरी सांगा." मग एक जाड वही काढली, गाववार, कुठल्या रॅकवर कितवा गठ्ठा, सगळं पेनाने लिहिलेलं. जुनी यादी जागेशी जुळतच नव्हती म्हणून ही वही त्यांनी स्वतः दोन वर्षं बसून केलीय. त्याआधी 'ड' वर्गाचे कागद, म्हणजे ज्यांची मुदत वर्षाचीच असते ते, वेगळे काढून रीतसर मंजुरी घेऊन नष्ट केले, तेव्हा कुठे 'अ' वर्गाला म्हणजे कायम ठेवायच्या रेकॉर्डला जागा झाली. वीस मिनिटांत लाल रुमालात बांधलेला गठ्ठा टेबलावर आला! दुसऱ्या एका ऑफिसात एका जन्माच्या नोंदीसाठी मी चार हेलपाटे घातलेत आणि चारही वेळा ऐकलंय, "रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही." त्यामुळे मला या वीस मिनिटांची किंमत माहितीय.

आणि पान उलटायची पद्धत बघा. थुंकी लावणं नाही, वरचा कोपरा हलकेच उचलून खाली अख्खा तळहात घालून पान पलटायचं. आमचं पान निघालं. निळसर काळी शाई तपकिरी झालेली, जिथे टाक दाबून लिहिलंय तिथे शाईने कागदच खाल्लाय, पणजोबांच्या नावातल्या एका अक्षराच्या जागी आरपार भोक आहे, पण खाली सर्कलची (तलाठ्याच्या वरच्या अधिकाऱ्याची) सही आणि "नोंद मंजूर" स्वच्छ वाचता येतं. शेजारच्या पानाला कोणीतरी पूर्वी सेलोटेप लावलेली, ती पिवळी पडून खालची अक्षरं सोबत घेऊन उखडलीय. म्हणून कळकळीने सांगतो, घरातल्या जुन्या कागदांना सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत सुटत नाही. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, बास.

एक स्टार कापला तो ओलीसाठी. मी जुलैत गेलो होतो, पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला तर गार ओला, आणि रॅक त्याच भिंतीला चिकटवून ठेवलेत. लोखंडाला गंज, तो गंज रुमालाला लागतोय. खालचा कप्पा जमिनीपासून चार बोटंसुद्धा वर नाही. चिपळूणकरांनी 26 जुलै 2005 ला आणि परत 22 जुलै 2021 ला पाणी कुठवर चढतं ते पाहिलंय, मग आपण अजून खालच्या कप्प्यात कायमचं रेकॉर्ड कसं ठेवतो? रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा कप्पा रिकामा ठेवा, एक डीह्युमिडिफायर बसवा, याला फार मोठा निधी लागत नाही. स्कॅनिंग हवंच, पण स्कॅन झालं म्हणून मूळ रजिस्टर वाळवीला सोडायचं नाही.

मोडीतल्या कागदांसाठी मात्र वाचणारा तुम्हालाच शोधावा लागतो, तशी सोय तिथे नाही. 2023 मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या वेळी राज्यभर जुनी दप्तरं आणि कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) उघडली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांना दिसलं, निदान तालुक्याला एक माणूस तरी कायमचा द्या.

जाणार असाल तर सकाळी जा, जुना सातबारा सोबत न्या, फेरफार नंबर आधी कागदावर उतरवून घ्या. आणि मुंबईकरांनो, गणपतीच्या त्या चार दिवसांवर हे काम ठेवू नका, तेव्हा सुट्ट्याही असतात आणि अर्धा तालुका त्याच दारात असतो. आमचा 1957 नंतरचा एक फेरफार अजून काढायचाय, मी श्रावणातच जातोय.